एकच प्रतिमा, पाच रंग
कच्च्या डिजिटल छायाचित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचा तौलनिक अभ्यास

बालरोगतज्ज्ञाने छायाचित्रांच्या संगणकीय प्रक्रियेवर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे नवल वाटेल. छायाचित्रण हा माझा छंद आहे, व्यवसाय नव्हे. परंतु याच विषयातील माझ्या अज्ञानाने एकदा मला व्यवसायात चांगलाच धडा शिकवला. तो धडा आणि त्यानंतर केलेला थोडासा अभ्यास आपल्यासमोर ठेवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग काही वर्षांपूर्वीचा आहे. गोविंदपुऱ्यातील एका कुटुंबात सदतिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ तिसऱ्या दिवशी घरी गेले. चौथ्या दिवशी सायंकाळी वडिलांनी मोबाइलवर बाळाचे छायाचित्र पाठवले आणि कावीळ वाढली आहे का, असे विचारले. छायाचित्रात बाळ चांगले गुलाबी दिसत होते. "फारशी वाटत नाही, उद्या सकाळी दाखवायला आणा," असे मी कळवले. तासाभराने बाळाच्या आजींचा दूरध्वनी आला. "डॉक्टरसाहेब, फोटोत पोर गोरं दिसतंय खरं, पण मांडीवर घेतलं की पिवळं दिसतं. माझं मन काही मानत नाही." मी त्यांना त्याच रात्री बोलावले. रक्तातील बिलिरुबिन २१ मिलिग्रॅम निघाले. तत्काळ प्रकाशोपचार सुरू केले, दोन दिवसांत पातळी उतरली, आणि ते बाळ आज शाळेत जाते. त्यात माझे श्रेय काहीच नाही, ते आजींच्या डोळ्यांचे आहे. आई-वडिलांजवळ मी माझी चूक कबूल केली.

पुढे ते छायाचित्र मी पुन्हा नीट पाहिले. बाळाच्या मागची चुन्याची पांढरी भिंत त्यात निळसर आली होती. पुरावा समोरच होता, पण मी केवळ बाळाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले नाही. कॅमेऱ्याने रंग बदलला होता. तो का बदलतो, आणि मूळ रंग परत मिळवता येतो का, या प्रश्नांनी मला कच्च्या प्रतिमांच्या अभ्यासाकडे वळवले.

कच्ची प्रतिमा म्हणजे काय?

आमचे वडील साठच्या दशकात नोकरीनिमित्त भोपाळला आले. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या कारखान्याने, म्हणजे आजच्या भेलने, महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे येथे आणली, त्यांपैकीच आमचे एक. क्वार्टरमधील न्हाणीघरात रात्री लाल दिवा लावून ते छायाचित्रे धुवीत असत. एकाच निगेटिव्हवरून ते कधी उजळ, कधी गडद प्रती काढत. निगेटिव्ह मात्र जपून ठेवीत. कच्ची प्रतिमा, जिला आपण रॉ फाइल म्हणतो, ती या निगेटिव्हसारखी आहे. जेपेग ही कॅमेऱ्याने आपल्या मताने काढून दिलेली प्रत होय.

कॅमेऱ्याच्या संवेदकाला रंग कळत नाहीत, केवळ प्रकाशाचे प्रमाण कळते. म्हणून संवेदकावर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांनी योजलेल्या या जाळीला १९७६ साली पेटंट मिळाले. तिच्यातील निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. प्रत्येक बिंदूपाशी एकाच रंगाचे मापन होते, उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढावे लागतात. या क्रियेला डिमोझेइकिंग म्हणतात. म्हणजे आपण जे रंगीत छायाचित्र पाहतो, त्यातील दोन तृतीयांश माहिती अनुमानाची असते!

मापनाची सूक्ष्मताही लक्षात घेण्याजोगी आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटांच्या कच्च्या प्रतिमेत त्या ४०९६ आणि १४ बिटांच्या प्रतिमेत १६,३८४ असतात. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने टाकून दिलेले तपशील नंतर कोणतेही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे परत आणू शकत नाही.

आता त्या बाळाकडे वळू. बिलिरुबिन निळा प्रकाश शोषून घेते, म्हणूनच आपण प्रकाशोपचारासाठी ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश वापरतो. काविळीच्या त्वचेतून निळा प्रकाश कमी परत येतो, म्हणून ती पिवळी दिसते. याचा अर्थ, छायाचित्रातील कावीळ ही प्रामुख्याने निळ्या रंगाच्या मापनात दडलेली असते. दुसरीकडे, कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगजुळणी साधारणतः असे गृहीत धरते की दृश्यातील सर्व रंगांची सरासरी करड्या रंगाजवळ यावी. पिवळ्या दिव्याखाली पिवळे बाळ चौकटभर असेल, तर कॅमेरा निळा रंग वाढवून ती सरासरी साधतो. दिव्याचा पिवळेपणा काढताना तो बाळाचा पिवळेपणाही काढून टाकतो. शिवाय पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा अंश मुळातच थोडा असल्याने त्याला दुपटीहून अधिक गुणावे लागते, आणि त्याबरोबर त्यातील दाणेदार खळबळही तितकीच वाढते. आपल्याला ज्या मापनाची सर्वाधिक गरज, तेच सर्वांत दुबळे, अशी ही अवस्था आहे.

अभ्यासाची पद्धत

तुलनेसाठी मी रुग्णांची छायाचित्रे वापरली नाहीत. दोन विषय निवडले. पहिला घरातलाच. देवघरासमोरील लाकडी पाटावर हळद, कुंकू आणि अक्षता मांडल्या आणि शेजारी १८ टक्के परावर्तनाचे करडे कार्ड व २४ रंगांच्या चौकोनांचा प्रमाणित रंगतक्ता ठेवला. एक चित्र खिडकीच्या उजेडात घेतले, दुसरे पिवळ्या दिव्याखाली.

दुसरा विषय भीमबेटका. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवरील या शैलाश्रयांचा शोध डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली लावला, ही आपणा मध्य प्रदेशातील मराठी मंडळींना अभिमानाची गोष्ट आहे. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानणाऱ्या वाकणकरांना रेल्वेच्या प्रवासात हे खडक दिसले आणि ते तेथे पोहोचले. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तर २००३ साली भीमबेटकाला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. वाकणकर स्वतः चित्रकार असल्याने ही चित्रे हाताने उतरवून घेत. गेरूची रेघ आणि लोहयुक्त खडकाचा तांबूसपणा यांतला फरक त्यांची नजर करीत असे. तोच फरक सॉफ्टवेअरला करता येतो का, हे मला पाहायचे होते. हिवाळ्यातील एका सकाळी सावलीतील प्रकाशात, फ्लॅश न वापरता आणि भिंतीला स्पर्श न करता, मी काही चित्रे घेतली. करडे कार्ड खडकाला न टेकवता तिवईवर लावले होते.

प्रत्येक कच्ची प्रतिमा पाच सॉफ्टवेअरमध्ये तीन प्रकारे उघडली. प्रथम, उघडताच जशी दिसते तशी. दुसऱ्यांदा, करड्या कार्डावरून रंगजुळणी करून. तिसऱ्यांदा, रंगतक्त्यावरून त्या कॅमेऱ्याची व त्या प्रकाशाची स्वतंत्र रंगपत्रिका बनवून.

पाच सॉफ्टवेअरचा परिचय

१. लाइटरूम : अडोबी कंपनीने २००३ साली फोटोशॉपसाठी कॅमेरा रॉ हा जोडभाग आणला आणि २००७ साली लाइटरूम बाजारात आले. हजारो चित्रांची सूची ठेवणे, शोधणे आणि त्यांवर एकसारखे संस्कार करणे यांत ते सोयीचे आहे. मूळ फाइलला धक्का न लावता केवळ सूचनांची नोंद ठेवली जाते. रंगतक्त्यावरून बनवलेली रंगपत्रिका त्यात सहज बसवता येते. २०१८ पासून त्याची मूळ रंगयोजना उबदार छटा अधिक खुलवणारी आहे. निसर्गचित्रास ती शोभते, पण त्वचेचा रंग तपासणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. २०१५ साली आलेली सहावी आवृत्ती ही एकरकमी विकली गेलेली शेवटची. त्यानंतर वर्गणी भरावी लागते.

२. कॅप्चर वन : डेन्मार्कमधील फेज वन कंपनीत जन्मलेले हे सॉफ्टवेअर स्टुडिओतील व्यावसायिकांचे आवडते. कॅमेरा तारेने संगणकाला जोडून चित्र घेताक्षणी पडद्यावर पाहण्याची सोय त्यात उत्तम आहे. त्वचेचा रंग सर्वत्र एकसारखा करण्याचे एक खास साधन त्यात आहे. लग्नाच्या छायाचित्रकारास ते वरदान आहे. आपल्याला मात्र ते वर्ज्य, कारण चेहऱ्यावरील, छातीवरील व पायांवरील पिवळेपणाचा जो चढउतार क्रेमरने १९६९ साली वर्णिला, तोच हे साधन पुसून टाकेल.

३. डीएक्सओ फोटोलॅब : हे फ्रान्समधील सॉफ्टवेअर. २०१७ पर्यंत ऑप्टिक्स प्रो या नावाने ते ओळखले जाई. कॅमेरा व भिंग यांच्या प्रत्येक जोडीचे प्रयोगशाळेत मापन करून भिंगाचे दोष सुधारणे हे त्याचे वैशिष्ट्य. २०२० साली त्यात डीपप्राइम ही पद्धत आली. तीत डिमोझेइकिंग आणि दाणेदारपणा घालवणे या दोन्ही क्रिया शिकवलेल्या न्यूरल जाळ्याकडून एकत्रच केल्या जातात. अंधाऱ्या जागेतील चित्रांसाठी ही पद्धत प्रभावी आहे.

४. रॉथेरपी : बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथ यांनी लिहिलेले हे सॉफ्टवेअर २०१० पासून मुक्त व विनामूल्य आहे. डिमोझेइकिंगच्या अनेक पद्धती त्यात आपल्या हाती दिलेल्या आहेत. बारीक रेघांसाठी एक, दाणेदार चित्रासाठी दुसरी, अशी निवड करता येते. 'न्यूट्रल' ही मांडणी निवडली की सर्व सजावट बंद होते आणि प्रतिमा जवळजवळ निराभरण दिसते. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही.

५. डार्कटेबल : २००९ साली सुरू झालेला हाही मुक्त प्रकल्प आहे. लिनक्सवर वाढलेले हे सॉफ्टवेअर २०१७ च्या अखेरीस विंडोजवरही आले. नव्या आवृत्त्यांत चित्रातील रंगतक्ता ओळखून थेट तेथेच रंगदुरुस्ती करता येते, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. मात्र त्यातील विभागांची संख्या पाहून नवशिक्याची छाती दडपते. पहिला महिना धीर धरावा लागतो.

याखेरीज कॅमेरा-कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर असतात. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे २०२१ साली आलेले एनएक्स स्टुडिओ, ही विनामूल्य मिळतात आणि कॅमेऱ्याने दाखवलेला रंग जवळजवळ तसाच देतात. आणि या सर्वांच्या मुळाशी एका माणसाचे ऋण आहे. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून एकट्याने डीसीरॉ हा छोटासा प्रोग्राम लिहून शेकडो कॅमेऱ्यांच्या गुप्त स्वरूपातील फाइली उलगडून दाखवल्या. अनेक मुक्त सॉफ्टवेअरना त्या कामाचा आधार मिळाला.

काय आढळले?

पहिल्या प्रकारात, म्हणजे काहीही न करता उघडल्यावर, एकाच पाटावरील हळद पाच प्रकारची दिसली. कोठे केशरी, कोठे लिंबासारखी. पिवळ्या दिव्याखालील चित्रात हा फरक अधिकच होता. कुंकवाच्या बाबतीत निराळीच अडचण आली. लाल रंगाचे मापन कमाल मर्यादेला टेकल्याने कुंकवाचा ढीग काही ठिकाणी सपाट डागासारखा झाला. किंचित कमी प्रकाशात पुन्हा चित्र घेतले, तेव्हा कण दिसू लागले. संवेदकावर जे नोंदलेच गेले नाही, ते कोणत्याही सॉफ्टवेअरला देता येत नाही, हा पहिला निष्कर्ष.

दुसऱ्या प्रकारात, करड्या कार्डावर एक टिचकी मारताच, अक्षता पाचही ठिकाणी पांढऱ्या झाल्या. करडे, पांढरे, काळे रंग जुळले. तथापि हळद व कुंकू अद्याप थोडे वेगळे राहिले. कारण रंगजुळणी केवळ तटस्थ रंगांची हमी देते. इतर रंग प्रत्येक कंपनीच्या रंगपत्रिकेवर आणि उजळपणाच्या वक्रावर अवलंबून राहतात.

तिसऱ्या प्रकारात, रंगतक्त्यावरून रंगपत्रिका बनवून आणि सजावटीचे वक्र शक्य तितके सपाट करून पाहिले, तेव्हा पाच चित्रे शेजारी ठेवून घरच्यांना दाखवली असता कोणते कोणाचे हे त्यांना सांगता येईना. दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच की, रंगाच्या सत्यतेसाठी सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा कार्ड, तक्ता आणि शिस्त यांचे मोल अधिक आहे.

भीमबेटकाच्या चित्रांनी तिसरी गोष्ट शिकवली. करड्या कार्डावरून रंग जुळवल्यावर सावलीतील निळसर झाक गेली आणि गेरूच्या रेघा स्पष्ट झाल्या. मात्र दाणेदारपणा घालवण्याचे प्रमाण वाढवीत नेले, तसे एका जनावराच्या अंगावरील अतिशय बारीक रेघा हळूहळू खडकात विरून गेल्या. चित्र अधिक 'स्वच्छ' दिसू लागले आणि माहिती मात्र नाहीशी झाली. गोवराचे पुरळ, रक्ताचे सूक्ष्म ठिपके, त्वचेवरील फिकट चट्टे यांचेही असेच होऊ शकते. पडद्यावरील स्वच्छतेला सत्य समजू नये.

येथे एका उलट दिशेच्या साधनाचा उल्लेख हवा. जॉन हार्मन यांनी बनवलेले डीस्ट्रेच हे साधन शैलचित्रांचे अभ्यासक जगभर वापरतात. ते रंगांतील सूक्ष्म भेद मुद्दाम ताणून पुसट चित्रे डोळ्यांसमोर आणते. त्यातील रंग खरे नसतात, पण ते खरे नाहीत हे सर्वांना ठाऊक असते. आपण काचपट्टीवरील पेशी रंगवून पाहतो, तसेच ते आहे. बदल जाहीर असेल तर तो अभ्यास, लपवलेला असेल तर ती दिशाभूल.

कोणी काय वापरावे?

छंद म्हणून आरंभ करणाऱ्याने प्रथम आपल्या कॅमेरा-कंपनीचे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. विषय समजून घ्यायचा असेल तर रॉथेरपी, आणि रंगतक्त्यासह काटेकोर काम करायचे असेल तर डार्कटेबल. दोन्हींना खर्च नाही, वेळ मात्र द्यावा लागतो. समारंभांची व प्रवासाची हजारो चित्रे सांभाळणाऱ्यास लाइटरूमची सूची उपयोगी पडेल. कमी उजेडातील काम अधिक असेल तर फोटोलॅब, आणि स्टुडिओत तारेने जोडून काम करणाऱ्यास कॅप्चर वन. माझ्या स्वतःच्या संगणकावर आज डार्कटेबल आहे, पण तो केवळ सवयीचा भाग समजावा.

एक सावधगिरी सर्वांनीच घ्यावी. ॲपल कंपनीने २००५ साली आणलेल्या ॲपर्चर या सॉफ्टवेअरचा विकास २०१४ साली थांबवल्याचे जाहीर केले, आणि अनेकांनी वर्षानुवर्षे केलेले संस्कार त्यातच अडकले. म्हणून मूळ कच्च्या फाइली दोन ठिकाणी जपाव्यात आणि महत्त्वाच्या चित्रांची तयार प्रत टिफ स्वरूपात वेगळी काढून ठेवावी. अडोबीने २००४ साली मांडलेले डीएनजी हे खुले स्वरूपही दीर्घकाळ जतन करण्यास उपयुक्त आहे.

सहकाऱ्यांसाठी काही नियम

वैद्यकीय छायाचित्रांबाबत मी स्वतःस घालून घेतलेले नियम पुढे देत आहे.

१. छायाचित्रावरून काविळीचा निर्णय करू नये. प्रत्यक्ष पाहिले तरी डोळ्यांचा अंदाज चुकतो, मग पडद्याचे काय? शंका असेल तर बाळ बोलवावे आणि बिलिरुबिन मोजावे.

२. पालकांनी चित्र पाठवलेच, तर आधी चादर, भिंत, कागद अशी पांढरी वस्तू कशी दिसते ते पाहावे. ती निळसर असेल तर बाळाच्या गुलाबीपणावर विश्वास ठेवू नये.

३. नोंदीसाठी चित्र घेताना कच्च्या स्वरूपात घ्यावे, खिडकीच्या उजेडात घ्यावे आणि चौकटीत करडे कार्ड असावे. प्रकाशोपचाराचा निळा दिवा क्षणभर बंद करावा. त्या एकरंगी प्रकाशात घेतलेल्या चित्राचा खरा रंग कोणतीही रंगजुळणी परत देऊ शकत नाही.

४. त्वचा गुळगुळीत करणारी, रंग खुलवणारी व दाणेदारपणा अतिरेकाने घालवणारी सर्व साधने बंद ठेवावीत. जे बदल केले त्यांची नोंद चित्रासोबत ठेवावी.

५. पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहेच, परंतु कायदा नसता तरी आपला धर्म तोच राहिला असता.

शेवटी एवढेच. साधने उत्तरोत्तर अधिक हुशार होत जातील आणि न मागता चित्रे सुंदर करून देतील. बाळाचे चित्र सुंदर यावे असे कोणत्या आई-वडिलांना वाटत नाही? पण वैद्याला ते जसे आहे तसेच हवे असते. त्या रात्री आजींजवळ ना कार्ड होते, ना रंगतक्ता. साठ-सत्तर वर्षे पाहिलेल्या बाळांची आठवण आणि मांडीवरचे नातवंड, एवढेच होते. तेव्हापासून माझ्या चिकित्सालयात एक नियम आहे. घरातील वडीलधारी बाई "काहीतरी बरोबर दिसत नाही" म्हणाली, तर मी पडद्याकडे पाहत नाही, बाळाला बोलावतो.